लग्नपत्रिका घरीच करायची आहे? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळशीची लग्नं लागली की ओळखीपाळखीतल्या घरांतून फोन सुरू होतात : "पत्रिका आपली आपणच करायची म्हणतोय, कुठून सुरुवात करू?" नौपाड्यात राहून अशा बऱ्याच पत्रिकांना हातभार लावता आला. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे. माझं मत आधीच सांगते : पत्रिका घरची वाटते ती मजकुरामुळे. कागद, सोनेरी फॉइल, लोकरीचा गोंडा हे सगळं त्याच्या मागून.

किती पत्रिकांपर्यंत घरी करणं झेपतं?

आधी माणसं मोजू नका, घरं मोजा. तीनशे पाहुण्यांची यादी असली तरी पत्रिका बहुधा शंभर-सव्वाशेच लागतात, कारण एका घरात एकच जाते. त्यावर दहा टक्के जास्तीच्या धरा, कारण शेवटच्या आठवड्यात "अरे, त्यांना राहिलंच की" असं कुणीतरी आठवतंच.

शंभराच्या आतबाहेर संख्या असेल आणि घरात कात्री नीट धरणारे चार हात असतील, तर सगळं घरी होतं. त्याहून जास्त असेल तर छपाई डिजिटल प्रेसवर द्या. घडी, गाठ, पाकिटावरची नावं घरी करा. पाचशेच्या पुढे ऑफसेट स्वस्त पडतं. तिथे प्लेट बनवण्याचा खर्च सुरुवातीलाच होतो, त्यामुळे संख्या वाढेल तसा प्रत्येक पत्रिकेचा भाव उतरतो. डिजिटलमध्ये प्लेटच नसते, म्हणून पन्नास पत्रिकांसाठी ऑफसेटवाल्याकडे जाण्यात अर्थ नाही.

बऱ्याच घरांनी काढलेला तिसरा मार्ग मला सगळ्यात पटतो : मामा-मावश्या, शेजारी, शिक्षक, जिवाभावाचे मित्र अशा चाळीस-पन्नास घरांसाठी हाताने केलेली पत्रिका आणि बाकी सगळ्यांना त्याच मजकुराची साधी छापील.

सुरुवात कधी करावी?

हॉल आणि मुहूर्त पक्का झाला त्याच आठवड्यात मजकूर लिहायला घ्या. लग्नाआधी दोन-अडीच महिने हातात असले तर घाई होत नाही. वाटप साधारण महिनाभर आधी सुरू व्हायला हवं. बाहेरगावच्यांना तारीख त्याच्याही आधी फोनवर कळवून टाका, त्यांना गाडीची तिकिटं काढायची असतात.

मजकूर पारंपरिक ठेवावा की आपल्या शब्दांत लिहावा?

दोन्ही एकाच पत्रिकेत बसतात. डोक्यावर "॥ श्री गजानन प्रसन्न ॥", खाली "॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥", मग "स.न.वि.वि." आणि "करण्याचे योजिले आहे" हा सगळा साचा आजी-आजोबांच्या कानाला ओळखीचा असतो. तो वाचला की त्यांना खात्री पटते की रीतसर आमंत्रण आलं. तो मोडायची गरज नाही. पण त्याच साच्यातली "या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत" ही ओळ आता डोळे वाचतच नाहीत, नुसते तिच्यावरून पुढे जातात. तिथे आपलं वाक्य घालायला जागा आहे. समजा मुलगी मुग्धा आणि मुलगा निखिल :

"मुग्धाला तुम्ही शाळेच्या दप्तरासकट पाहिलं आहे आणि निखिलला अलीकडे जिन्यात भेटला आहात. आता दोघांना बोहल्यावर पाहायला या. सकाळी नाश्त्यालाच या, म्हणजे निवांत गप्पा होतील."

हे शेजाऱ्यांना लिहिलेलं आहे हे वाचताक्षणी कळतं. नोकरीच्या ठिकाणच्या लोकांना हेच वाक्य चालणार नाही, आणि घरी छापण्याचा खरा फायदा इथेच आहे : वरचा-खालचा मजकूर तोच ठेवून मधल्या दोन ओळी तीन प्रकारे लिहिता येतात. गावच्या मंडळींसाठी एक, सोसायटीसाठी एक, मित्रांसाठी एक. प्रेसवाल्याला तीन वेगळ्या फाइली द्याव्या लागतात, घरच्या प्रिंटरला काहीच फरक पडत नाही.

"आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" ही बच्चेकंपनीची ओळ मात्र काढू नका, तिच्याखाली मुलांची घरातली लाडकी नावं छापा. पत्रिका हातात पडली की मुलं आधी स्वतःचं नाव शोधतात, आणि सापडलं की ती पत्रिका घरभर फिरते.

नावांचा क्रम कसा लावायचा? कुणी दुखावलं जायला नको.

पत्रिकेवरचे रुसवे-फुगवे नावांवरूनच होतात, त्यामुळे इथे वेळ द्या.

निमंत्रक म्हणून आधी घरातली सगळ्यात ज्येष्ठ माणसं, मग आई-वडील, मग काका-काकू, आत्या, मामा. हयात नसलेल्यांच्या नावाआधी "कै." येतं, ते वधू किंवा वराच्या ओळखीत : "कै. अमुक यांची नात". आमंत्रण देणाऱ्यांच्या यादीत "कै." घालू नका, आमंत्रण हयात माणसं देतात.

आई एकटी असेल तर? तिचं नाव निमंत्रक म्हणून सगळ्यात वर आणि ठळक छापा. "श्रीमती" लावा किंवा काहीच लावू नका. "गं. भा." हे बिरुद मी कुणाच्याही पत्रिकेत राहू देत नाही, ज्या बाईने मुलीला वाढवलं, शिकवलं, तिच्या वैधव्याची जाहिरात लग्नाच्या कागदावर कशासाठी? वडील नाहीत म्हणून लांबच्या चुलत्यांना निमंत्रक करायचं आणि आईचं नाव तळाच्या रांगेत ढकलायचं, हेही करू नका.

आईचं नाव दोन्ही बाजूंनी असावं, वराच्या बाजूनेही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत राज्य सरकारने स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रमच लावला आहे. आधी जन्मलेल्यांना ती सक्ती नाही, पण पत्रिकेत तसं लिहायला कुणाची आडकाठीही नाही. "चि." आणि "चि. सौ. कां." ठेवायचं की नुसती नावं, हे वधूवरांनाच विचारा.

आई-वडील विभक्त असतील तर दोघांची नावं दोन स्वतंत्र ओळींत, "व" न घालता. सावत्र आई किंवा वडिलांचं नाव घालायचं असेल तर आधी मुलांना विचारा, मग नातेवाइकांना.

मसुदा झाला की तो दोन्हीकडच्या एकेका जबाबदार मोठ्या माणसाला वाचायला द्या. एकेकालाच. अख्ख्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलात तर मसुदा कधीच पूर्ण होणार नाही.

आमच्याकडे निमंत्रकांची नावंच शंभराच्या वर आहेत. पाच बाय सात इंचांच्या नेहमीच्या पत्रिकेत कशी बसवू?

घणसोली, करावे, दिवाळे, कोपरखैरणे अशा गावठाणांतून हा प्रश्न हमखास येतो. आगरी-कोळी घरांत भावकीतलं प्रत्येक नाव पत्रिकेत असणं हा मानाचा भाग आहे, आणि हळदीचा कार्यक्रम तर लग्नाइतकाच मोठा. तिथे नावं गाळा असं सांगणं मला पटत नाही. आकार बदला. चार इंच रुंद, नऊ इंच उंच अशी तीन पानांची घडीची पत्रिका घ्या : पहिल्या पानावर "एकविरा आई प्रसन्न", गावदेवीचं नाव आणि वधूवर, मधल्या पानावर हळद, मांडव, लग्न यांच्या वेळा, तिसऱ्या पानावर फक्त नावं. पाठची तीन पानंही मोकळीच असतात. नावं दोन स्तंभांत, घराण्यानुसार गट करून. अक्षर दहा पॉइंटांच्या खाली नेऊ नका. ज्यांच्यासाठी हा मान आहे त्यांनाच ते वाचता येत नाही.

हळदीला वेगळं बोलावणं असेल तर त्याची छोटी चिठ्ठी वेगळीच करा. सगळ्या पत्रिकांवर हळदीची वेळ छापली तर सगळेच येणार, हे स्वयंपाकाच्या अंदाजात धरावं लागेल.

शके, तिथी हे लिहायलाच हवं का?

लिहिलंत तर बरोबर लिहा. गुढीपाडव्यानंतरच्या तारखेला इसवी सनातून ७८ वजा केले की शके मिळतं : २०२६च्या पाडव्यापासून शके १९४८. जानेवारी ते पाडवा या काळातल्या लग्नांना ७९ वजा करावे लागतात. जुन्या पत्रिकेवरून आकडा उतरवताना चूक होते ती नेमकी इथे.

सासर उत्तर भारतीय असेल तर आणखी एक गोष्ट. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण आपल्या कार्तिक वद्यात त्यांच्याकडे मार्गशीर्ष कृष्ण पक्ष सुरू असतो. दिवस तोच, महिन्याचं नाव वेगळं. दोन भाषांत पत्रिका करताना एकाचं भाषांतर दुसऱ्यात करू नका. मराठी बाजू आपल्या पंचांगावरून लिहा, हिंदी बाजू त्यांच्या. गुजराती सासर असेल तर त्यांचाही महिना अमावास्येलाच संपतो, संवत तेवढा वेगळा.

लग्नस्थळाचा पत्ता किती सविस्तर असावा?

नवी मुंबईत सेक्टरचा आकडा एकटा लिहिलात तर तो पत्ता होतच नाही. वाशीला सेक्टर १० आहे, नेरूळला आहे, खारघरलाही आहे. "सेक्टर १०, नवी मुंबई" वाचून निघालेला पाहुणा नेमका कुठे पोहोचेल? नोडचं, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या विभागाचं नाव, जवळचं स्टेशन, पूर्व की पश्चिम, आणि एखादी ठळक खूण एवढं हवंच. खारघर-तळोज्याकडचा हॉल असेल तर बेलापूर ते पेंधर ही मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे, तिचं जवळचं स्थानकही लिहा.

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या हॉलचा पत्ता "घोडबंदर रोड, ठाणे" एवढाच छापलेल्या पत्रिका मी पाहते. रस्ता माजिवड्यापासून पार गायमुखपर्यंत जातो. नाक्याचं नाव घाला : मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, जे असेल ते. आणि रस्त्याच्या कोणत्या अंगाला ते सांगा, कारण एकदा वळण चुकलं की पुढच्या वळणापर्यंत जावं लागतं.

लग्न रविवारी असेल तर मेगाब्लॉकचं भान ठेवा. कोणत्या मार्गावर, किती वाजता ब्लॉक आहे हे रेल्वे एक-दोन दिवस आधीच जाहीर करते, त्यामुळे ते पत्रिकेत छापता येत नाही. शनिवारी रात्री सगळ्यांना एक निरोप पाठवायची जबाबदारी घरातल्या एकावर सोपवा. डोंबिवली-कल्याणची मंडळी मुहूर्ताला पोहोचतात की थेट जेवणाला, हे त्यावर ठरतं.

क्यूआर कोड घालायचा तर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, गडद रंगात आणि फिक्या कागदावर. फुकट मिळणारे काही कोड ठरावीक मुदतीनंतर बंद पडतात, म्हणून नकाशाचा दुवा थेट ज्यात भरलेला असतो असा कोड बनवा आणि छापलेल्या कागदावरून दोन-तीन फोनवर तपासा. कोड असला तरी पत्ता शब्दांत लिहाच.

कोणता फॉन्ट घ्यावा? आमची वेलांटी भलतीकडेच जाते.

गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणारे 'मुक्ता', 'तिरो देवनागरी मराठी', 'यात्रा वन', 'मोदक' हे चार मी आलटूनपालटून सुचवते. 'मुक्ता' पत्ता आणि वेळांसाठी, लहान आकारातही स्वच्छ दिसतो. 'तिरो देवनागरी मराठी'त ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, त्यामुळे मुख्य मजकूर पुस्तकातल्यासारखा शांत दिसतो. 'यात्रा वन' नावांसाठी छान. 'मोदक' गुबगुबीत आहे; मुलांच्या ओळीला द्या, मुहूर्ताला नको.

फॉन्ट पसंत करण्याआधी त्यात एवढी ओळ टाइप करून बघा : "श्रद्धा, सिद्धार्थ, प्रल्हाद, वऱ्हाडी, ॲडव्होकेट, दत्तात्रेय". वऱ्हाडीतला ऱ्ह नीट आला पाहिजे, ॲ वरचा चंद्र सुटा पडता कामा नये, द्ध आणि ल्ह यांत हलन्ताचे पाय मोडलेले दिसू नयेत. यात जो फॉन्ट अडखळतो तो कितीही देखणा असला तरी सोडून द्या.

फोटोशॉपमध्ये वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, जोडाक्षरं फुटली, तर टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' मांडणी निवडा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. प्रेसवाल्याला वर्डची फाइल देऊ नका. पीडीएफ द्या आणि फॉन्टचे आकार आउटलाइनमध्ये बदलून द्या. त्याच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला तरी अक्षर हलत नाही. काही छापखाने अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम करतात आणि तुमचा मजकूर त्यात बदलून घेतात. त्या बदलात अनुस्वार गळतात, ऱ्ह मोडतो. बदलल्यानंतरचं प्रूफ पहिल्या अक्षरापासून वाचा.

चित्र बनवून देणाऱ्या एआय ॲपवर सध्या अनेकांची भिस्त आहे. पार्श्वभूमीसाठी वापरा हवं तर. अक्षरं मात्र त्याच्याकडून काढून घेऊ नका, देवनागरी त्यात सर्रास चुकते. मजकूर वेगळा टाइप करूनच वर ठेवा.

घरच्या प्रिंटरवर जाड कागद चालतो का? कागद कुठे मिळेल?

झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅमचा असतो. एकपानी पत्रिकेला २५० ते ३०० जीएसएम हातात भरीव लागतो, घडीच्या पत्रिकेला २०० ते २५० पुरतो. घरच्या इंकजेटमध्ये कागद मागच्या ट्रेमधून सरळ जात असेल तर जाड कागद बहुतेक जातो. खालच्या ट्रेमधून वळून येणाऱ्या प्रिंटरमध्ये तो अडकतो किंवा वाकतो. मशिनच्या माहितीपत्रकात कमाल जाडी दिलेली असते, ती बघा आणि एकच कागद आणून आधी काढून पाहा. सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार 'मॅट' निवडायला विसरू नका.

काळ्या किंवा गडद मरून कागदावर घरच्या प्रिंटरने पांढरी वा सोनेरी अक्षरं येणार नाहीत, त्याच्याकडे ती शाईच नसते. त्यासाठी स्क्रीन प्रिंटिंग. घरीच चमक हवी असेल तर लेझर प्रिंट काढून त्यावर टोनरला, म्हणजे लेझरच्या शाईच्या भुकटीला, चिकटणारी फॉइल ठेवून गरम लॅमिनेटरमधून काढतात. जिथे टोनर तिथेच फॉइल बसते. इंकजेटच्या प्रिंटवर ही युक्ती चालत नाही. पूर्ण मजकूर असा करू नका, वधूवरांची नावं तेवढी पुरेत.

साधा कार्डपेपर ठाण्यात स्टेशन परिसरात आणि वाशीत सेक्टर १७च्या बाजूला मिळून जातो. पोत, रंग, मेटॅलिक असे प्रकार हाताळून बघायचे असतील तर एक सकाळ काढून मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला जा. तयार कोरी कार्डं आणि पाकिटं हवी असतील तर गिरगावातला खाडिलकर रोड. तिथली कोरी कार्डं आणून घरी छापणारेही बरेच आहेत. हातकागद आवडत असेल तर पुण्याच्या शिवाजीनगरला १९४०पासून हातकागद संस्था आहे, सुती चिंध्यांपासून कागद करतात. हातकागद प्रिंटरमध्ये घालण्याआधी मऊ ब्रशने झाडून घ्या, त्याचे तंतू सुटून आत अडकतात. फुलांच्या पाकळ्या घातलेला कागद लेझरमध्ये घालूच नका.

घडीवर कागद तडकतो, पांढरी रेघ दिसते. काय करू?

कागदातल्या तंतूंना एक दिशा असते. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो त्या बाजूने घडी घाला. घडी घालण्याआधी स्टीलची पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने एकदाच, दाबून रेघ ओढा. मग घडी रेघेच्या उलट बाजूला, म्हणजे उंचवटा आत राहील अशी. दीडशेच्या वर पत्रिका असतील तर कटिंगवाल्याकडून क्रीज, म्हणजे घडीची दाबरेघ, मारून घ्या, मनगटं वाचतील.

चिकटवायला पाण्याचा गोंद नको, कागदाला लाटा येतात. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा.

प्रेसला फाइल देताना काय बघायचं?

पाच बाय सात इंचाच्या पत्रिकेचं चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, १५०० बाय २१०० पिक्सेल असावं. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर रंग जास्त सोडा, तो कटिंगमध्ये जातो. मजकूर कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत. बारा बाय अठराच्या शीटमध्ये पाच बाय सातच्या चार पत्रिका बसतात आणि एका कडेने पट्टी उरते. ती फेकू नका असं दुकानात सांगून ठेवा, तिच्यातून आहेराच्या पिशव्यांना लावायच्या चिठ्ठ्या निघतात. पडद्यावरचा केशरी रंग कागदावर थोडा मळकट येतो, म्हणून एक प्रत त्याच कागदावर काढून बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

वारली चित्रांची पत्रिका करायची आहे. नेटवरून चित्रं घेतली तर चालतील?

नका घेऊ. वारली चित्रकला आपल्याच शेजारची. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड हे तालुके १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. आणि लग्नाशी या चित्राचं नातं अगदी मुळातलं आहे. वारली घरात लग्न असलं की गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. सवासिणी लिहितात. चौकोनी चौकटीत नक्षीच्या पट्ट्या आणि मध्यभागी पालघट देवी. त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न लावते ती धवलेरी, गाणी म्हणून. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हे माहीत झाल्यावर नेटवरची नाचणारी काड्यांची माणसं कुठेतरी कोपऱ्यात चिकटवणं मनाला येत नाही. डहाणू-जव्हार भागातले अनेक चित्रकार कामं घेतात. त्यांना भेटा, लग्नाचं काय-कसं आहे ते सांगा, चित्र काढून घ्या, पूर्ण मोबदला द्या आणि पत्रिकेच्या मागे त्यांचं नाव छापा. देवीचा चौक पत्रिकेवर हवा असेल तर तो छापलेला चालेल का हे त्यांनाच विचारा आणि ते सांगतील तसं करा. तारपा नाच, झाडं, वरात असे बाकीचे विषय भरपूर आहेत. छपाईला हा प्रकार सोपा जातो : विटकरी कागद आणि एकाच पांढऱ्या शाईचं स्क्रीन प्रिंटिंग.

आणखी काय चित्र घालता येईल, जे आमचंच वाटेल?

घरातल्या कुणीतरी काढलेलं काहीही. आजीची ठिपक्यांची रांगोळी, भाच्याने काढलेला गणपती, हॉलच्या रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने काढा, ६०० डीपीआयला स्कॅन करा. नवी मुंबईकरांनी खाडीतले रोहित पक्षी घ्यावेत, ठाणेकरांनी तलावपाळी. लोकलमध्ये जमलेलं लग्न असेल तर रेल्वेचं तिकीट घ्या. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्यालाच आली होती, तेव्हा तो मान ठाण्याचाच.

पत्रिकेला हळदकुंकू लावलं की शाई फुटते. उपाय?

इंकजेटची साधी शाई पाण्यात विरघळते, आणि हळदकुंकू आपण ओल्या बोटाने लावतो. छापल्यावर एक दिवस वाळू द्या आणि टाकाऊ प्रतीवर ओलं बोट दाबून बघा. शाई उतरत असेल तर हळदकुंकवासाठी कोपऱ्यात कोरी जागा सोडा. चकचकीत लॅमिनेशन केलेल्या कागदावर उलटा त्रास, कुंकू धरतच नाही आणि पाकिटात सांडतं. त्यासाठीही मॅट कागद बरा. कुलदैवताला आणि ग्रामदैवताला ठेवायच्या पहिल्या पत्रिका साध्याच, बिनप्लास्टिकच्या ठेवा.

लग्न झाल्यावर गणपतीचं चित्र रद्दीत जातं, ते बरं वाटत नाही.

खूप लोकांना हे खटकतं आणि ते योग्यच आहे. चित्राऐवजी नुसतं "श्री" लिहा. किंवा गणपती वेगळ्या उभ्या पट्टीवर छापून पत्रिकेला दोऱ्याने बांधा. ती पट्टी पुस्तकात खूण म्हणून राहते. प्लास्टिकचं आवरण आणि चमकी टाळलीत तर उरलेला कागद रद्दीतून पुन्हा कागद तरी होतो.

"कृपया आहेर आणू नये" छापावं का?

खरंच नको असेल तरच छापा. आणि मग दारात टेबल मांडून पाकिटं घेऊ नका.

व्हॉट्सॲपवर पाठवलेली पत्रिका चालते का?

चालते, फोनसह. नुसती फाइल टाकून गप्प बसलात तर मोठ्या माणसांना ते बोलावणं वाटत नाही. आधी फोन, मग पत्रिका. चित्र म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते आकसून टाकतं आणि बारीक अक्षर पुसट होतं, त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांच्याकडे तुमचा नंबर साठवलेला आहे त्यांनाच निरोप जातो. मावशीच्या सासूबाईंकडे तो नसणार.

सध्या लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल पाठवून फोनमधून पैसे काढण्याचे प्रकार होत आहेत. म्हणून पाहुण्यांना स्पष्ट लिहा : आमची पत्रिका पीडीएफ आहे, ती उघडायला कुठलंही ॲप घ्यावं लागत नाही. एपीके फाइल कुणी उघडली असेल तर त्यांना लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायला सांगा.

पोस्टाने पाठवायच्या तर वजनाचं काय?

पाच बाय सातचं ३०० जीएसएमचं एक कार्ड जवळपास ७ ग्रॅमचं, बऱ्यापैकी जाड पाकीट साडेसहाच्या आसपास. म्हणजे २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात आरामात. आत दुसरं तेवढंच कार्ड घातलंत की काटा विसाला टेकतो आणि तिकीट वाढतं. लाखेची मोहर, लाकडी पट्टी यांमुळे टपाल यंत्रात अडतं. अशा पत्रिका हातोहातच द्या. पोचल्याची खात्री हवी असेल तर स्पीड पोस्ट. रजिस्टर्ड पोस्टाची सेवा २०२५ साली त्यातच विलीन झाली आहे. टपाल खात्याच्या 'माय स्टॅम्प' योजनेत आपल्या फोटोसह १२ तिकिटांचं पान करून मिळतं, जवळच्या बारा घरांसाठी फार सुंदर दिसतं.

पाकिटावर नाव हाताने लिहा आणि पूर्ण लिहा. फक्त "श्री." लिहिलं तर एकट्यालाच बोलावलं असं समजतात, "सहकुटुंब" लिहिलं तर घरातले सगळे येतात, "सहकुटुंब सहपरिवार" लिहिलं तर मुलीचं सासरही.

पावसाळ्यात छापून ठेवल्या तर?

खाडीकाठच्या दमट हवेत कार्डं वाकतात, शाई उशिरा वाळते. कटिंग झाल्यावर वजनाखाली ठेवा, मग बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. पाकिटांच्या गोंदाच्या कडा आपोआप चिकटतात, त्यांत बटर पेपरची पट्टी घाला.

छापून झाल्यावर चूक सापडली!

तारीख, वेळ किंवा स्थळ चुकलं असेल तर पुन्हा छापा, किंवा त्याच कागदाची नीट कापलेली पट्टी वर चिकटवा. पेनाने खोडू नका. नातेवाइकाच्या नावात चूक असेल तर त्यांना आधी फोन करून सांगा, आणि त्यांच्या गोतावळ्यात जाणाऱ्या पत्रिका तरी नव्या काढा. ही वेळ येऊ नये म्हणून प्रूफ अशा माणसाला वाचायला द्या ज्याने मसुदा पाहिलेलाच नाही, आणि वार-तारीख कॅलेंडरवर बोट ठेवून जुळवा.

नोंदणी विवाह आहे. पत्रिका केव्हा छापू?

विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार नोटीस दिल्यावर हरकतींसाठी ३० दिवस जातात, आणि त्यानंतरच विवाह लागतो. कार्यालयाकडून तारीख मिळेपर्यंत छापायला देऊ नका. स्वागत समारंभ वेगळ्या दिवशी ठेवलात तर घाई राहत नाही.

विधिवत लग्न असेल तर नंतर महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात विवाह नोंदणी करताना कागदपत्रांसोबत लग्नपत्रिका मागतात. पत्रिकेतली नावं, तारीख आणि स्थळ अर्जाशी जुळायला हवं. पत्रिकेवर वधूवरांची घरातली लाडकी नावंच छापली असतील तर तिथे अडचण येते, म्हणून आधार कार्डावरचं पूर्ण नाव एकदा तरी छापा. अशा चार-पाच प्रती फाइलमध्ये वेगळ्या काढून ठेवा. बँकेत किंवा पासपोर्टवर नाव बदलायचं असेल तेव्हा लागणारं विवाह प्रमाणपत्र याच नोंदणीतून मिळतं.